काडी खालीच राहिली

रॉकेटवर पत्रक काढायचं म्हटल्यावर आमच्याच संघटनेच्या बैठकीत एक जण बोलला, "हा लोकांचा प्रश्न आहे काय?" मला राग आला. मला तो लवकर येतो. पत्रकं लिहिणाऱ्याला यावाच लागतो. थंड डोक्याने लिहिलेल्या पत्रकावर लोक न वाचताच भजी खातात. रागाने लिहिलेलं निदान वाचून मग खातात.

मी म्हटलं, एसटीचा पास लोकांचा प्रश्न, हॉस्टेलचं पाणी लोकांचा प्रश्न, आणि आपल्याच देशातून आभाळात जे जाऊन राहिलं ते कसं जातं हे कळणं कोणाचा प्रश्न? साहेबांच्या पोरांचा? चंद्रावर यान उतरलं त्या संध्याकाळी आमची अख्खी अमरावती टीव्हीच्या दुकानांपुढे उभी होती. अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांच्या मोबाईलवर नुसता कचरा फिरत होता: यान उतरलं ते अमुक मुहूर्तामुळे, चंद्रावर तमुक आकृती दिसली. पेढे खरे, माहिती खोटी. हे मला सहन होत नाही.

पत्रक निघालं. मथळा: रॉकेट! तुमचे प्रश्न, आमची उत्तरं! आणि आम्ही ते घेऊन अमरावतीच्या भाजीबाजारात उभे राहिलो.

वलगावचा एक संत्रावाला आला. "हे रॉकेट गेलं की ढगाले भोक पडते म्हणते. म्हून पाऊस पळते."

"काका, ढग काय ताडपत्री आहे काय?"

"मग काय आहे?"

ढग म्हणजे काय ते मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताडपत्री असता तर बरं झालं असतं, ओढून घेतला असता." आणि पत्रक घडी करून टोपीत ठेवून गेला.

मग मेथी विकणाऱ्या एका मावशीने विचारलं, "त्याच्यात बाई बसते काय?"

"बसते ना मावशी. कितीतरी बायका जाऊन आल्या."

"मग बाईमाणूस तिथं संडासले कुठं जाते?"

बाजूचे पुरुष फिदीफिदी हसले. मी त्यांच्यावर ओरडले. हा जगातला सगळ्यात खरा प्रश्न होता आणि आमच्या पत्रकात तो नव्हता. मी सांगितलं, तिथं सोय असते, नळी असते, हवेने ओढून घेते, कारण तिथं वस्तू खाली पडत नाही, तरंगते. मावशीने मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "आभाळात सोय केली अन् या बाजारात नाही केली. वा रे वा." मी तिथल्या तिथे पुढच्या पत्रकाचा मथळा लिहून घेतला.

आमच्या पत्रकाच्या तळाशी एक ओळ होती: प्रत्यक्ष उड्डाण पाहायला यायचं असेल तर आम्हाला भेटा. श्रीहरिकोट्याला सामान्य माणसांना लांबून उड्डाण पाहता येतं, आधी नाव नोंदवावं लागतं, एवढं मी शोधून काढलं होतं. कोणी येणार नाही असं सगळ्यांनी सांगितलं. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या कॉलेजांतल्या मुली आल्या. भरपूर आल्या. आणि त्यात पहिली आली ती पातूरची. अकोल्याला बी.एस्सी. करणारी, रोज बसने जाणारी-येणारी. ती आल्या आल्या म्हणाली, "ताई, तुमचं चौथं उत्तर चुकलं."

"काय चुकलं?"

"तुमी लिहून राहिल्या की रॉकेट हवेले खाली ढकलते म्हून वर जाते. मग वर हवाच नाही तिथं काय करंल ते? हवेले नाही ढकलत. स्वतःच्या पोटातला गॅस मागं फेकते, म्हून पुढं जाते."

पत्रकं छापून झाली होती. तिने माझ्याकडून पेन घेतलं, गठ्ठा पुढ्यात ओढला आणि एकेका प्रतीवरची ती ओळ खोडून वर बारीक अक्षरात बरोबर उत्तर लिहायला बसली. मला ती पोट्टी तेव्हाच आवडली.

जायला थोडे दिवस उरले आणि तिचा निरोप आला: अब्बा नाही म्हणतात.

तिच्या कॉलेजातून नावं गोळा करून देणारे एक सर म्हणाले, "मी बोललो नव्हतो? त्या घरातल्या मुली पाठवत नसतात. दुसरी घ्या."

"कोणत्या घरातल्या?"

"समजून घ्या ना मॅडम."

नाही घेतलं समजून. माझ्या गल्लीतल्या एका काकांनी आपल्या मुलीला "रॉकेट काय, टीव्हीवर दिसते" म्हणून घरी बसवलं, तेव्हा या सरांनी "त्या घरातली" असं म्हटलं नव्हतं. तेव्हा ती वडिलांची काळजी होती. मी सरांना हे तोंडावर सांगितलं, तिची जागा तशीच ठेवली आणि रविवारी पातूरची बस धरली. बसमध्ये मी मुलींच्या शिक्षणावरचं माझं नेहमीचं भाषण मनात दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं जमलं होतं.

घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. लग्नात, उरुसात लावायच्या दिव्यांच्या माळा, काचेची झुंबरं, बांबूच्या काठ्या, एक जनरेटर. मुलीचे अब्बा जमिनीवर बसून गुंता झालेली माळ सोडवत होते. शेजारी खुर्चीवर त्यांचे थोरले भाऊ बसले होते, मुलीचे बडे अब्बा, उजव्या हातावर उपरणं टाकून. मुलगी दारात उभी राहून मला डोळ्यांनी सांगत होती की जपून.

मी सुरू केलं. "चाचा, मुलीच्या जातीला शिकू दिलं पाहिजे..."

"थांबा ताई," अब्बा माळेतून डोकं वर न काढता म्हणाले. "हिले रोज अकोल्याले कोण पाठवते? तुमी पाठवता काय?"

"तुम्ही."

"हिच्या फिजिकच्या ट्यूशनले कोण आणते-नेते?"

"तुम्हीच असाल."

"मग हे भाषण दुसऱ्याच्या घरी करा. पातुरात त्याची गरज असलेली लय घरं आहेत. पत्ते देतो."

आतून मुलीच्या अम्मीचा आवाज आला, "पहले चाय पिलाओ उनको, फिर लडो!" त्या घरात आपसात उर्दू चालायची, माझ्याशी वऱ्हाडी, आणि वाद रंगला की दोन्ही.

मी भाषण गिळलं. "मग रॉकेट पाहायलाच काहून नाही?"

अब्बांनी भावाकडे पाहिलं. "भाईजान, दाखवा ताईले."

बडे अब्बांनी उपरणं काढलं. हाताला अंगठा होता आणि एक बोट. बाकीच्या जागी गुळगुळीत, ताणलेली कातडी. "सलाम करता येते," ते हसून म्हणाले, "चहाचा कप धरता येते. बाकीचं डाव्याकडं."

तेव्हा मला कळलं की मी कोणाच्या घरी रॉकेटचं पत्रक घेऊन आले होते. हे आतिषबाजांचं घर होतं. पिढ्यान्‌पिढ्या शोभेची दारू करणारे. लग्नं, उरूस, दसरा. नळे, चक्र, आणि सगळ्यात मानाचं म्हणजे वर जाऊन फुटणारं रॉकेट. त्यांच्या धंद्याचा एक कायदा होता: ज्याने भरलं त्यानेच पेटवायचं. म्हणजे भरताना कोणी हयगय करणार नाही. बडे अब्बांनी भरलं होतं, त्यांनीच पेटवलं, आणि ते वर न जाता हातापाशीच फुटलं. त्यानंतर दोघा भावांनी दारूला हात लावला नाही. "आता आमी थंडा उजेड विकतो," अब्बा म्हणाले आणि माळ प्लगला लावून पाहिली. अर्धी लागली.

"पण चाचा, ती फक्त पाहायला चालली आहे."

"आमच्यात फक्त पाहायले कोणी जात नाही ताई. मैदानात पयल्यांदा आलेल्या शिकाऊले उस्ताद आधी चिमूटभर दारू भरायले लावते, मग हातात वात देते. नाही घेतली तर भेकड. अन् ही?" त्यांनी दाराकडे बोट केलं. "हिले मी ओळखतो. ही म्हणंल, द्या, मी पेटवते."

"अब्बा!" मुलगी आत आली. "तिथं वात नसतेच!"

अब्बांनी माळ खाली ठेवली. "वात नाही? मग पेटते कशी?"

"आतून, विजेनं. दूर खोलीत बसून हुकूम देते."

"भरणारे कुठं बसते?"

"तेबी दूरच. रॉकेटजवळ चिटपाखरू नसते त्या टायमाले."

"म्हंजे ज्यानं भरलं तो दूर," अब्बा चिडून म्हणाले, "अन् वरती कोणाले बसवायचं असलं तर ते बिचारे ज्यानं भरलं नाही ते? हा कोणता न्याय आहे?"

मला हे इतकं पटलं की मी कोणाच्या बाजूने आले होते ते क्षणभर विसरले. मुलगी मात्र मागे हटणारी नव्हती. "तेबी शिकून बसते अब्बा, जबरदस्तीनं नाही. अन् आपण जाऊन राहिलो त्याच्यात माणूस नाही, उपग्रह आहे."

"दारू कोरडी का ओली?"

"दोन्ही. खालच्या टप्प्यात कोरडी, वरच्यात ओली."

"ओली?" बडे अब्बा खुर्चीत पुढे सरकले. "ओली दारू पेटते?"

"पेटते बडे अब्बा. दोन वेगवेगळ्या टाक्यांतून येते अन् भेटली की पेटते."

"अरे वा," ते म्हणाले. भावाने डोळे वटारले तसे मागे टेकले.

पत्रक माझ्या हातात होतं. मला वाटलं, आता मी काहीतरी बोललं पाहिजे. मी वाचून दाखवलं, "भीतीचं काहीही कारण नाही! रॉकेट पूर्ण सुरक्षित!"

"असं म्हणणाऱ्या माणसाच्या मैदानात मी पाय ठेवत नसतो," अब्बा म्हणाले.

"खोटं आहे ते," मुलगी म्हणाली. माझ्याच पत्रकाला, माझ्यासमोर. "फुटू शकते अब्बा. कधी कधी फुटलंबी आहे. वाट सोडून भलतीकडं जाऊन राहिलं तर मुद्दाम फोडून टाकते, समुद्रावर, म्हून तर समुद्राच्या काठावरून सोडते. खालचे रिकामे झालेले टप्पेबी पाण्यात पडते, कोणाच्या घरावर नाही."

 मला वाटलं, गेलं. सगळं गेलं. अब्बांनी मात्र पहिल्यांदाच तिच्याकडे नीट वळून पाहिलं. "हे कोणी शिकवलं तुले?"

"पुस्तकात आहे."

"हां. पुस्तक बरं आहे ते." मग माझ्याकडे: "तुमच्यावालं नाही."

मग तिने मोबाईल काढला. एका जुन्या उड्डाणाचा व्हिडिओ. पडद्यावर रॉकेट उभं होतं, शेजारी लोखंडी मनोरा. दोघे भाऊ वाकून बघायला लागले. अब्बांनी मनोऱ्यावर बोट ठेवलं आणि समाधानाने मान हलवली. "काडी मजबूत लावली आहे. लोखंडाची."

मुलगी काही बोलणार तेवढ्यात उलटे आकडे सुरू झाले. पाच, चार, तीन. खालून जाळ निघाला, पांढरा धूर दोन्ही बाजूंना फुटला, आणि रॉकेट उठलं. मनोरा जागच्या जागी.

"काडी!" अब्बा ओरडले. "काडी खालीच राहिली!"

आणि ते ओरडता ओरडता त्यांनी एक गोष्ट केली, जी मी विसरणार नाही. त्यांनी डावा हात मुलीच्या तोंडापुढे आडवा धरला आणि उजव्या हाताने तिला खांद्याला धरून मागे खेचलं. मोबाईलपासून. हातातल्या एवढ्याशा मोबाईलपासून. बडे अब्बाही खुर्चीसकट मागे सरकले होते. रॉकेट पडद्यावर सरळ वर चाललं होतं आणि खोलीतली दोन मोठी माणसं श्वास रोखून ते आडवं होऊन आपल्याकडे येण्याची वाट पाहत होती.

ते आलं नाही. वर गेलं. अजून वर गेलं.

मुलगी हळूच म्हणाली, "अब्बा, ती काडी नव्हती. तो मनोरा आहे, फक्त टेकवून ठेवायले."

"बिनाकाडीचं रॉकेट सरळ जाऊच शकत नाही," अब्बा म्हणाले. त्यांचा हात अजून तिच्या तोंडापुढेच होता. "गिरकी खाते. माणसात शिरते. काडीच तर त्याले वाट दाखवते."

तिने कोपऱ्यातली एक बांबूची काठी उचलली, तळहातावर उभी ठेवली आणि दुसरा हात काढून घेतला. काठी डावीकडे कलली की हात डावीकडे, उजवीकडे कलली की उजवीकडे. खोलीभर नाचत होती ती, झुंबरं सांभाळून, आणि काठी उभीच. "पाहा! हात जसा हलून राहिला तसा खालचा जाळ हलते. जरा इकडं, जरा तिकडं. आतमधलं यंत्र पाहते किती कललं ते, अन् जाळ वळवते. काडी नाही अब्बा, जाळच वाट दाखवते!"

"ए पोट्टे, झुंबर!" अब्बा ओरडले. पण ते हसत होते.

बडे अब्बांनी काठी मागितली. डाव्या तळहातावर ठेवली. पडली. पुन्हा ठेवली. पुन्हा पडली. मग टिकली. मी टाळ्या वाजवल्या. पुढे अर्धा तास त्या घरात कोणीही खाली बसलं नाही.

अब्बांचा पुढचा प्रश्न आला, "उलटं कशाले मोजते?" ती म्हणाली, प्रत्येक टप्प्यावर काही ना काही तपासायचं असतं, एक जरी गोष्ट बिघडलेली दिसली तर तिथंच थांबवतात.

"थांबवते?" बडे अब्बांच्या तळहातावरची काठी पडली. "पेटवायले निघाल्यावर?"

"शेवटच्या घडीपर्यंत. एकदा कोरडी दारू पेटली की मग नाही. त्याच्या आधी कधीबी."

ते आपल्या हाताकडे पाहत राहिले.

मग तिने शेवटचा व्हिडिओ दाखवला. परदेशातलं एक रॉकेट, वर जाऊन आलेलं, शेपटीकडून जाळ सोडत हळूहळू खाली येतं आणि उभ्याचं उभं टेकतं. अब्बांनी पाहिलं आणि एकदम कडाडले, "बापाले फसवून राहिली काय? लग्नाचे शूटिंगवाले असंच करते. नवरदेव घोड्यावरून उतरते ते उलटं चालवते अन् उडी मारून बसला म्हून दाखवते. उलटं चालवलं तुनं!"

"नाही चालवलं."

"आमचं आजपर्यंत एकबी परत आलं नाही. हे कसं येते?"

"धूर पाहा," ती म्हणाली. "उलटं चालवलं असतं तर धूर आत शिरताना दिसला असता. पाहा ना, धूर बाहेर निघून राहिला. खाली येताना जाळ खाली सोडते, म्हून वेग कमी होते. आपलं चांद्रयान असंच उतरलं."

अब्बांनी मोबाईल नाकाशी धरला. धूर पाहिला. पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा. अम्मी आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या, त्यांनाही दाखवला. "देखो, धुआँ देखो, बाहर जा रहा है!" आता ते अम्मीला समजावत होते, जणू ते रॉकेट त्यांनीच उतरवलं होतं.

मग मोबाईल खाली ठेवून त्यांनी एकच विचारलं. "पाहणारे किती दूर?"

"पार घाटाच्या पलीकडून पाहिल्यासारखं. अंगाले काहीच लागत नाही, फक्त आवाज येते."

"भाईजान संगं जातील," अब्बा म्हणाले.

बडे अब्बा तोवर उठून आपली पिशवी शोधायला लागले होते. गाडी तर पुढच्या आठवड्यात होती.

"अन् तुमी, अब्बा?"

"मी नाही. एका घरचे सगळे एकाच मैदानात उभे राहत नाहीत." ते असं सहज म्हणाले आणि पुन्हा माळ घेऊन बसले. मी माळेचं दुसरं टोक धरून गाठी सोडवायला लागले. 

अकोल्याहून गाडी, मग दुसरी गाडी, मग बस, आणि एका लख्ख सकाळी आम्ही श्रीहरिकोट्याच्या त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या मोठ्या गॅलरीत बसलो होतो, आजूबाजूला देशभरातून आलेली पोरंसोरं, झेंडे, घाम, गोंगाट. झाडांच्या रांगेपलीकडे दूर कुठेतरी रॉकेट होतं. भोंग्यावर उलटे आकडे चालले होते, आणि मध्येच थांबले. काहीतरी तपासायचं आहे असं सांगण्यात आलं. लोक हिरमुसले, कोणी शिव्या दिल्या. बडे अब्बा मात्र उभे राहिले आणि पुतणीचं मनगट धरून म्हणाले, "थांबलं बेटा! खरंच थांबलं!" बाजूच्या माणसाने विचारलं, यात आनंद कसला?  त्यांचे डोळे भरले होते.

मग आकडे पुन्हा सुरू झाले. आणि झाडांवरून जाळाचा गोळा उठला. आधी नुसता उजेड, आवाज नाहीच, ऊन असताना दुसरं ऊन उगवावं तसं. आम्ही ओरडलो. मग आवाज आला आणि आमचं ओरडणं आम्हालाच ऐकू येईना. छातीत, पायरीत, दातांत तो आवाज होता. मी आजवर किती मोर्च्यांत घोषणा दिल्या, पण इतकं वेड्यासारखं कधी ओरडले नव्हते. सरळ! सरळ! सरळ! अमरावतीच्या पोट्ट्या, अकोल्याच्या पोट्ट्या, सगळ्या एकमेकींना मिठ्या मारत होत्या. बडे अब्बा मान वर करून त्या धुराच्या रेषेकडे पाहत होते, हातावरचं उपरणं कुठे पडलं त्याचं त्यांना भान नव्हतं.

गर्दी जरा निवळली तसा मुलीचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर पातूर, मागे झुंबरं, पुढे अब्बांचा घामेजलेला चेहरा. मला वाटलं, विचारतील कसं होतं.

"हात दाखव," अब्बा म्हणाले.

तिने दोन्ही हात मोबाईलपुढे धरले. पंजे उघडे, बोटं पसरलेली.

"पलटव."

तिने पलटवले.

"भाईजानचे." बडे अब्बांनी दाखवले, अंगठा आणि एक बोट हलवून. "ताई, तुमचेबी." मी दाखवले. मागच्या मुलींना काय चाललं आहे ते कळलं नाही, पण त्यांनीही एकेक करून हात वर केले, सगळ्यांनी, आणि अब्बा पडद्यावर डोळे बारीक करून पाहत राहिले, जितके दिसतील तितके.

मग त्यांनी एक लांब श्वास सोडला. गमछ्याने तोंड पुसलं.

"हां. आता सांग, या घडीले कुठं पोचलं असंल ते?"

आणि ती पायरीवर बसून त्यांना सांगायला लागली.